अनंताची निगा: माती आंबट, पाणी मऊ, कळ्या शाबूत

अनंताचं झाड आणतो तेव्हा ते गडद हिरवं, तुकतुकीत आणि कळ्यांनी लगडलेलं असतं. वर्षभरात त्याची रया जाते. नवी पालवी फिकट पिवळी येते, त्यात फक्त शिरा हिरव्या राहतात. कळ्या फुगतात आणि उमलायच्या आदल्या दिवशी देठासकट खाली पडतात. मग खत वाढवलं जातं, आणि झाड आणखी खंगतं.

अशा बहुतेक झाडांच्या मातीत अन्न भरपूर असतं. लोहसुद्धा असतं. पण माती अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट, झालेली असते, त्यामुळे लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडतं आणि मुळांना ते उचलता येत नाही. आणि माती अल्कधर्मी कोण करतं? आपणच, रोज घातलेल्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्याने. म्हणून अनंताची काळजी पाण्यापासून सुरू करायची, खताचा नंबर बराच नंतर लागतो.

झाडाचा स्वभाव

अनंत म्हणजे गार्डेनिया जास्मिनॉइडिस. कॉफी आणि एक्झोरा ज्या कुळातले, त्याच कुळातला. मूळचा दक्षिण चीन, तैवान, जपान, व्हिएतनाम या भागातला, म्हणजे भरपूर पाऊस, दमट हवा आणि कुजलेल्या पाल्याची आंबट माती असलेल्या प्रदेशातला. या झाडाच्या सगळ्या खोडी या एका ओळीतून समजतात. मुळं बारीक आणि वरच्या थरात पसरणारी असतात. त्यांना सतत ओल हवी, पण साचलेलं पाणी अजिबात नको.

साधा अनंत १ ते २ मीटर वाढतो. रॅडिकन्स हा बुटका प्रकार अर्धा मीटरभर उंच राहून आडवा पसरतो, त्यामुळे वाफ्याच्या कडेला किंवा उथळ कुंडीत शोभतो. मिस्ट्री या जातीची फुलं मोठी आणि भरगच्च दुहेरी. क्लाइम्स हार्डी एकेरी फुलांची आणि थंडी जास्त सोसणारी. मूळ रानटी अनंताच्या फुलाला बहुधा सहाच पाकळ्या असतात आणि त्याला नारिंगी फळं धरतात. त्या फळात क्रोसिन नावाचं पिवळं रंगद्रव्य असतं, केशराला रंग देणारं तेच. दुहेरी फुलांना सहसा फळ धरत नाही.

रोप निवडताना फुलांकडे पाहून भुलू नका. पूर्ण बहरातलं रोप जागा बदलली की कळ्या टाकतं. ज्याच्या कळ्या अजून बारीक, हिरव्या आणि घट्ट आहेत ते घ्या. पान उलटून बघा, पांढरी माशी आणि खवले कीड खालच्या बाजूला असतात. मातीलगतचं खोड बोटाने चाचपा. तिथे फुगीर, भेगाळलेली गाठ असेल तर ते रोप नको, मग पानं कितीही छान दिसोत. कारण पुढे किडींच्या भागात दिलं आहे.

माती

अनंताला ५ ते ६ पीएचची माती मानवते. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप: ७ च्या खाली आंबट, ७ च्या वर अल्कधर्मी. ६.५ च्या वर गेली की पानं बोलायला लागतात.

जमिनीत लावायचं असेल तर आधी चुन्याची परीक्षा करा. मूठभर कोरडी माती बशीत घ्या, तिच्यावर दोन चमचे व्हिनेगर ओता आणि कान जवळ न्या. बुडबुडे आले, बारीक चरचर ऐकू आली, तर मातीत मोकळा चुना आहे. अशा जमिनीचा पीएच गंधकाने उतरत नाही, कारण जेवढं आम्ल तयार होतं तेवढं चुना खाऊन टाकतो. तिथे सरळ कुंडी घ्या किंवा ४० सेंटिमीटर उंचीचा भरावाचा वाफा करा. इमारतीच्या भिंतीला किंवा सिमेंटच्या पायवाटेला लागून लावलेले अनंतही असेच पिवळे पडतात, कारण सिमेंटमधून चुना झिरपत राहतो. अशा ठिकाणी भिंतीपासून निदान एक मीटर अंतर ठेवा.

बुडबुडे आले नाहीत पण पीएच ७ च्या आसपास आहे, तर गंधक उपयोगी पडतं. चौरस मीटरला ५० ते १०० ग्रॅम गंधकाची भुकटी वरच्या १५ सेंटिमीटर मातीत मिसळा, ओल ठेवा आणि तीन महिने थांबा. गंधकाचं आम्ल मातीतले जिवाणू करतात, त्यांना ऊब, ओल आणि वेळ लागतो. आठवड्याभरात फरक दिसला नाही म्हणून पुन्हा गंधक टाकलं, की तिसऱ्या महिन्यात मुळं जळतात.

कुंडीसाठी हे मिश्रण चांगलं चालतं: कोकोपीट ४ भाग, चाळलेलं पानांचं खत ३ भाग, परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) किंवा जाड धुतलेली वाळू २ भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत १ भाग. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्या, त्यात बऱ्याचदा क्षार असतात. वाळू समुद्राची नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुना असतो. शेणखत याहून जास्त घालू नका.

अंड्याची टरफलं, लाकडाची राख, हाडांचा चुरा, चुना, डोलोमाइट यांतलं काहीही या कुंडीत जाऊ देऊ नका. बाकीच्या झाडांसाठी जमवलेली ही सामग्री अनंताला नेमकी उलटी पडते.

पाणी

कुंडीच्या काठावर आणि मातीच्या पृष्ठभागावर पांढरट पापुद्रा दिसतो का? दिसत असेल तर पाणी जड आहे आणि माती हळूहळू अल्कधर्मी होते आहे. पाण्यातले बायकार्बोनेट, म्हणजे माती अल्कधर्मी करणारे क्षार, साठत जातात, आणि सुरुवातीला कितीही आंबट माती घातली तरी काही महिन्यांत ती ७ च्या पुढे सरकते.

सगळ्यात उत्तम पावसाचं पाणी. ते शक्य तेवढं साठवा. एसीमधून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं, तेही चालतं. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातलं पिण्याचं पाणी चांगलं, पण त्याच यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी मुळीच नको, कारण सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात. जड पाणी मऊ करणाऱ्या, मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरचं पाणीही नको. त्यातला चुना जातो, पण त्याच्या जागी सोडियम येतं आणि बायकार्बोनेट तसेच राहतात.

नळाच्या किंवा बोअरच्या जड पाण्यावरच भागवायचं असेल तर ते आम्ल घालून उतरवा. १० लिटर पाण्यात १ ग्रॅम सायट्रिक अॅसिड विरघळवा, ढवळा, दहा मिनिटांनी पीएच पट्टी बुडवून पाहा. ५.५ ते ६ यायला हवं. न आल्यास आणखी अर्धा ग्रॅम घाला. बऱ्यापैकी जड पाण्याला १० लिटरमागे साधारण २ ते ३ ग्रॅम लागतं, म्हणजे चहाचा अर्धा-पाऊण चमचा. एकदा आपल्या पाण्याचं माप सापडलं की रोज पट्टी लागत नाही, ऋतू बदलताना तपासलं तरी पुरतं. दुसऱ्याच्या घरचं माप मात्र उचलू नका. दोन्ही पाण्यांचा पीएच ८ असला तरी त्यांत बायकार्बोनेट किती आहेत ते वेगळं असतं, आणि आम्ल किती लागणार हे त्यांच्यावर ठरतं. पीएच ५ च्या खाली नेऊ नका.

साधं ५ टक्क्यांचं व्हिनेगरही चालतं. १० लिटरला २० मिलिलिटरपासून सुरू करा आणि पट्टीने तपासत वाढवा. पण महिन्यातून एकदा थेट कुंडीत व्हिनेगर ओतण्याचा उपाय फसवा आहे. त्या दिवशी मुळांना चटका बसतो आणि पुढच्या दोन पाण्यांत माती होती तिथे येते. आम्ल पाण्यात मिसळून नेहमी द्यायचं, तरच उपयोग. लिंबाच्या रसाचं माप जमत नाही, दर फळाचा आंबटपणा वेगळा.

किती आणि केव्हा? बोट मातीत घाला. वरची २ सेंटिमीटर माती सुकली असेल तर पाणी द्या, आणि द्याल तेव्हा खालच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत द्या. थाळीत उतरलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. सकाळची वेळ बरी. महिन्यातून एकदा कुंडीच्या आकाराच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतून साठलेले क्षार धुऊन काढा, त्यासाठी पावसाचं पाणी असेल तर फारच छान.

जागा आणि लावणी

सकाळचं ४ ते ६ तासांचं ऊन आणि दुपारनंतर विरळ सावली ही अनंताची आवडती जागा. उन्हाळा सौम्य असेल तिथे दिवसभराचं ऊनही चालतं. दाट सावलीत झाड हिरवंगार राहील, पण कळ्या धरणार नाही. जोराचा कोरडा वारा लागणारी जागा टाळा.

खड्डा हुंडीच्या, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, दुप्पट रुंद आणि हुंडीएवढाच खोल घ्या. जास्त खोल खणून खालची माती भुसभुशीत केली की झाड नंतर खचतं आणि खोड मातीत गाडलं जातं. हुंडीचा वरचा भाग जमिनीपेक्षा २ ते ३ सेंटिमीटर वर राहू द्या. मुळं कुंडीच्या आकारात गोल फिरलेली असतील तर बोटांनी हलकेच मोकळी करा, पण हुंडी फोडू नका. वर ५ ते ७ सेंटिमीटर वाळल्या पानांचं आच्छादन द्या, खोडापासून चार बोटं दूर. नंतर खुरपणी करू नका, अनंताची मुळं खुरप्याच्या टोकाखालीच असतात. तण आलं तर हाताने उपटा.

कुंडी रोपाच्या आधीच्या कुंडीपेक्षा ५ सेंटिमीटर मोठी, इतकीच घ्या. छोटं रोप मोठ्या कुंडीत घातलं की मुळं पोचत नाहीत त्या मातीत पाणी तुंबतं आणि कूज सुरू होते. पुढे दर दोन-तीन वर्षांनी, फुलं संपल्यावर, एकेक माप वाढवा.

पिवळं पान वाचायचं कसं

पान पिवळं पडलं एवढ्यावरून काही ठरवू नका. कुठलं पान आणि कसं पिवळं, हे पाहा.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरांची जाळी ठळक हिरवी, तर लोहाची कमतरता. खालची जुनी पानं शिरांमध्ये पिवळी आणि शेंडा ठीक, तर मॅग्नेशियम कमी. जुनी पानं सरसकट फिकट आणि वाढ मंद, तर नत्र कमी. पानांची टोकं आणि कडा तपकिरी, तर क्षार साठले किंवा माती वारंवार कोरडी पडली. आतल्या बाजूची दोन-चार जुनी पानं पिवळी होऊन गळाली आणि बाकी झाड ताजं आहे, तर काहीही करू नका. सदाहरित झाडही जुनी पानं टाकतंच.

लोहासाठी लोखंडी खिळे पुरण्याने काही होत नाही, गंजाचं लोह पुन्हा त्याच न विरघळणाऱ्या रूपात जातं. चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह, घ्या, आणि घेताना पाकिटावरचं नाव वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह मातीचा पीएच ६.५ च्या आत असेल तोवरच टिकतं. माती त्याहून अल्कधर्मी असेल तर ईडीडीएचए प्रकारचंच हवं, ते ९ पर्यंत काम करतं. त्याची भुकटी पाण्यात पडताच गडद लाल रंग सुटतो आणि फरशीवर डाग पडतात, तेव्हा जपून. १२ इंची कुंडीला २ ग्रॅम भुकटी १ लिटर पाण्यात कालवून ओल्या मातीत द्या. तुमच्या पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. तीन-चार आठवड्यांत येणारी नवी पानं हिरवी दिसायला हवीत. जुन्या पिवळ्या पानांवरून निकाल लावू नका, ती पुरती सावरतातच असं नाही.

लोह ही तात्पुरती सोय आहे. पाणी सुधारलं नाही तर दोन महिन्यांत पुन्हा तिथेच याल.

मॅग्नेशियमसाठी १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), महिन्याच्या अंतराने दोनदा. जुन्या पानांवर खूण नसेल तर ते देऊच नका.

एक अडचण मात्र वरून लोहाच्या कमतरतेसारखी दिसते आणि वेगळीच असते. माती ओली असूनही झाड मलूल आहे, पानं पिवळी पडताहेत, तर मुळं कुजताहेत. कुजलेलं मूळ मातीत असलेलं लोहही उचलत नाही. हुंडी अलगद बाहेर काढून बघा. निरोगी मुळं पांढरट आणि ताठ असतात, कुजलेली तपकिरी, बुळबुळीत, आणि ओढली की वरची साल हातात येते. अशी मुळं कापा, ताज्या मिश्रणात, लहान कुंडीत लावा, पानोळाही तिसऱ्या हिश्श्याने कमी करा आणि सावलीत ठेवा. खत महिनाभर बंद.

कळ्या का गळतात

कळीचा पाया धरायला रात्रीचं तापमान १५ ते १८ अंश असणं सगळ्यात चांगलं. कळी धरल्यापासून उमलेपर्यंत बरेच आठवडे जातात, आणि या काळात झाडाला कुठलाही बदल सोसत नाही. एकदा माती पूर्ण सुकणं, कुंडी दुसऱ्या जागी हलवणं, अचानक आलेल्या उष्ण रात्री, बंद खोलीतली कोरडी हवा, यांतलं एक कारणही पुरेसं होतं. म्हणून वाटाण्याएवढी कळी दिसली की कुंडी हलवायची नाही, फिरवायचीही नाही, माती बदलायची नाही आणि पाण्यात एकाही दिवसाचा खंड पडू द्यायचा नाही. मोठ्या मात्रेत नत्रही या वेळी नको, त्याने पालवी सुटते आणि कळ्या मागे पडतात.

कळी टोकाशी तपकिरी होऊन न उमलताच सुकत असेल तर ती उकलून पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबट, सरपटणारे किडे दिसले तर ते फुलकिडे.

घरात ठेवलेल्या झाडाला दमटपणा हवा असेल तर थाळीत खडे आणि पाणी ठेवून कुंडी खड्यांवर टेकवा, भोकं पाण्यात बुडू देऊ नका. उमललेल्या फुलांवर पाणी फवारू नका, डाग पडतात. बोट लागलं तरी पाकळी काही वेळाने तपकिरी होते, म्हणून फूल तोडताना देठालाच धरा. उमललेलं पांढरं फूल दोन-तीन दिवसांत पिवळसर होतं, तो त्याचा वयानुसार बदलणारा रंग आहे, रोग समजू नका.

खत आणि छाटणी

वाढीच्या काळात दर १५ दिवसांनी आम्लप्रिय झाडांचं पाण्यात विरघळणारं खत, लिटरला १ ग्रॅम, आधी पाणी घातलेल्या मातीत. ते नसेल तर अमोनियम सल्फेट त्याच प्रमाणात महिन्यातून एकदा द्या, त्यातलं नत्र मातीला थोडं आंबटही करतं. कॅल्शियम नायट्रेट टाळा. वाढ थांबलेल्या थंड दिवसांत खत बंद ठेवा.

छाटणी मुख्य बहर संपल्याबरोबर, आणि तिथून सहा आठवड्यांच्या आत संपवा. उशिरा छाटलं तर पुढच्या बहराच्या कळ्या जिथे धरणार ते शेंडेच कापले जातात. आधी वाळकी आणि एकमेकांवर घासणारी फांदी काढा, मग लांब सुटलेले शेंडे पानांच्या जोडीच्या जरा वर कापा. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. कात्री प्रत्येक झाडानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

किडी आणि रोग

पानांवर काळी काजळी दिसली की ती पुसत बसू नका. ती पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, मावा किंवा खवले कीड यांनी टाकलेल्या चिकट रसावर वाढणारी बुरशी असते. कीड गेली की काजळीही जाते. पिठ्या ढेकूण थोडे असतील तर अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपा. जास्त असतील तर १ लिटर कोमट पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि १ ते २ मिलिलिटर सौम्य द्रव साबण घुसळून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूने, आठवड्याच्या अंतराने तीनदा. आधी एका फांदीवर करून दोन दिवस बघा. तहानलेल्या झाडावर किंवा कडक उन्हात फवारलं तर पानं भाजतात. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळी असेल तर लाल कोळी आहे. त्यासाठी पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने दोन-तीन दिवसांआड धुवा.

मातीलगत खोड फुगून साल भेगाळली आणि ती खरवडल्यावर आत चमकदार पिवळा-नारिंगी रंग दिसला, तर तो खोडावरचा कँकर. ही बुरशी जखमेतून शिरते आणि तिच्यावर औषध लागू पडत नाही. झाड मुळासकट काढून नष्ट करा, त्याच्यापासून कलमं करू नका. मुळांवर मण्यांसारख्या गाठी म्हणजे सूत्रकृमी, मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी. त्या मातीत पुन्हा अनंत लावू नका.

घरात कुत्रं-मांजर असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाच्या टप्प्यात ठेवू नका. पानं-फुलं चघळली तर उलट्या, जुलाब होतात.

नवीन रोपं

बहरानंतरच्या अर्धवट पिकलेल्या फांद्या घ्या, म्हणजे वाकवल्यावर लवतात पण जास्त वाकवलं तर कडकन मोडतात अशा. १० ते १२ सेंटिमीटरचा तुकडा पेराच्या लगेच खाली कापा. वरची दोन-चार पानं ठेवून बाकी काढा आणि ठेवलेली पानंही निम्मी कापा. खालचं टोक ३००० पीपीएम (०.३ टक्के) आयबीए हे संप्रेरक असलेल्या मुळं फुटायच्या पावडरीत बुडवून झटका. निम्मं कोकोपीट, निम्मं परलाइट अशा ओलसर मिश्रणात खोचा, वर पारदर्शक पिशवी बांधा आणि उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. २४ अंशांच्या आसपास ऊब मिळाली तर ४ ते ८ आठवड्यांत मुळं फुटतात. पिशवीच्या आत पाणी ठिबकायला लागलं तर दिवसातून तासभर ती उघडी ठेवा, नाहीतर टोकं काळी पडून कुजतात.

पहिल्या वर्षी आलेल्या कळ्या खुडून टाका. शेंडाही दोनदा खुडा, म्हणजे खालून फांद्या फुटतात आणि झुडूप भरतं. भरघोस फुलं यायला दोन ते तीन वर्षं लागतात.